टिप लवकर उडते? आधी कूलंट बघा

टिप, म्हणजे टूलवरचा कापणारा कार्बाइडचा तुकडा, उडायला (तुटायला) लागली की लोक आधी टिपचा ब्रँड बदलतात, पण बऱ्याच वेळा भानगड कूलंटमध्येच असते, म्हणजे कापताना टूल गार ठेवणाऱ्या ऑइल-पाण्याच्या मिश्रणात.

मिक्स करताना आधी टाकीत पाणी घ्यायचं आणि ऑइल वरून बारीक धारेनं सोडत ढवळत राहायचं. उलटं केलं, म्हणजे ऑइलवर पाणी ओतलं, की घट्ट गोळे होतात आणि ते नंतर कितीही ढवळा, फुटत नाहीत. साध्या टर्निंगला (लेथवरच्या कामाला) साधारण १:२०, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ लिटर ऑइल, तरी डब्यावर काय लिहिलंय ते बघाच. बोअरचं जड पाणी शक्यतो टाळा, वर साबणासारखी साय धरते. अंदाजपंचे नको, ऑइलचं प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, त्याचं रीडिंग डब्यावरच्या फॅक्टरनं गुणलं की खरा टक्का कळतो. आणि पातळी उतरली की नुसतं पाणी ओतायची सवय सोडा, पातळ मिक्स करून टाका, नाहीतर हळूहळू पांढरं पाणीच उरतं आणि जॉब (मशीनवर कापायचे भाग) गंजून येतात.

आता कूलंटची धार. ती टिप आणि जॉब जिथं भिडतात तिथंच पडली पाहिजे, बऱ्याच मशीनवर नोझल चिप्सच्या धक्क्यानं सरकलेला असतो आणि कूलंट मस्तपैकी चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर) पडत असतं 😀. कट सुरू व्हायच्या आधीच पंप चालू करा. कार्बाइड लाल तापल्यावर मध्येच गार पाणी मारलं तर टिपच्या कापणाऱ्या धारेला आडव्या बारीक चिरा पडतात आणि तुकडा उडतो. म्हणून मिलिंगला (फिरत्या कटरनं कापताना) एकतर भरपूर मारा नाहीतर सरळ कोरडं चालवून हवा मारा, मगानं अधूनमधून शिंपडणं सगळ्यात वाईट. एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलचं वेगळं, खोल होलमध्ये कूलंट टोकापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे व्यासाच्या तिप्पट खोली झाली की ड्रिल सारखं बाहेर काढत चला, चिप्स निघतात आणि आत कूलंट जातं. टोक निळं पडलं म्हणजे धार गेली समजा.

कास्ट आयर्न शक्यतो कोरडंच, त्यात ग्रॅफाइट असतंच, तेच वंगणाचं काम करतं, उलट पावडर आणि कूलंटचा चिखल होऊन पंप चोक होतो. स्टेनलेसला टॅपिंग करताना (आटे पाडताना) कूलंट पुरत नाही, नीट कटिंग ऑइल लावा. ॲल्युमिनियम टिपला चिकटतं म्हणून ब्रशनं रॉकेल लावतात, चालतं, फक्त बाजूला ग्राइंडर किंवा वेल्डिंग नको. मॅग्नेशियमला मात्र पाण्याचं कूलंट अजिबात नाही, चिप्स पेटल्या तर पाण्यानं आग आणखी भडकते.

पुण्याजवळच्या भोसरीच्या कारखान्यांकडं गुरुवारची सुट्टी, शुक्रवारी शटर वर केलं की कुजकट वास येतो ना? मशीनच्या स्लाइडचं (सरकत्या भागाचं) ऑइल टाकीवर तरंगून हवा बंद करतं आणि खाली जंतू माजतात. ते वरचं ऑइल रोज काढा, सुट्टीतही छोट्या पंपानं कूलंट फिरतं ठेवा. वास एकदा मुरला की मग परफ्यूम, फिनेल काही टाकू नका, टाकी रिकामी करून गाळ खरवडून काढा आणि नवीन भरा. जुनं गटारीत सोडायचं नाही, ते घातक कचऱ्यात धरतात, परवाना असलेल्या माणसालाच द्या.