आधी स्टेपनी काढा

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की मालक आधी बॉनेट उघडतो. उघडू दे. तुम्ही डिकीकडे जा, स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या खड्ड्यात हात फिरवा. बोटांना गंजाची पूड किंवा वाळलेला चिखल लागला तर नमस्कार करून निघा. मग पुढचे सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघा. पाण्यात गेलेली गाडी विकायला काढताना सीटं धुतात, मॅट बदलतात, पण बेल्टचं आतलं हातभर टोक कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की समजायचं. २६ जुलै २००५ ला मुंबईने एवढ्या गाड्या बुडालेल्या पाहिल्या, तरी लोक अजून म्युझिक सिस्टिम बघून गाडी घेतात.

मी बस डेपोत फिटर होतो. आता भांडुपला भाच्याच्या गॅरेजवर बसतो आणि एका वेळी एकच गाडी घेऊन, नीट करून विकतो. दुसरी उभी करायला गल्लीत जागाच नाही.

बघायला जाताना फोनवर सांगायचं, गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बोलता बोलता बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन या, तासाभराने बघा. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उचलतं आणि सायलेन्सरमधून काय निघतं, ते बघायचंय. निळा धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाच्या सायीसारखं काही चिकटलेलं असेल आणि कूलंटही कमी असेल, तर हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनात ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणाऱ्या पट्टीचा, संशय घ्या. दरवाज्याचं रबर थोडं ओढून खालचे वेल्डिंगचे गोल ठिपके बघा. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, डेंटरच्या हातून तसे येत नाहीत. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून टायरचं वय कळतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

कागदांत मी एकदा सपशेल आपटलो. सँट्रो होती, इंजिन सुरेख. मालकाने कर्ज कधीच फेडलेलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. ‘काय, होऊन जाईल’ म्हणाला आणि मीही मान डोलावली. बँकेची एनओसी नव्याने मिळवायची, आरसीवरचं बँकेचं नाव काढायच्या फॉर्म ३५ वर सही-शिक्का घ्यायचा, यात दोन महिने गेले. गाडी तोवर गुलमोहराखाली. कावळ्यांनी छताचा रंग घालवला तो वेगळाच. तेव्हापासून आरसीवर बँक दिसली की टोकनसुद्धा देत नाही. ई-चलान किती थकलीत तेही टोकनच्या आधीच बघायचं, नंतर ती आपल्या गळ्यात पडतात.

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन गाडी पुढे सरकवायची, ही जुनी पद्धत. मी नाही करत. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. नावावर करून घेतली की ‘सेकंड ओनर’ची ‘थर्ड ओनर’ होते आणि भाव उतरतो, हे खरंय. तो उतार घेतानाच्या किमतीतून कापायचा. आणि धंदा म्हणून करणार असाल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते काढा.

मागची वॅगनआर, २०१३ ची, एमएच-०३. मालक १,८०,००० म्हणत होता. टेंभीपाड्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली, इंजिन ओरडलं आणि गाडी तिथेच रेंगाळली. क्लच गेलेला. ते त्याला शेजारी बसवूनच ऐकवलं आणि १,५२,००० ला सौदा झाला. मग क्लचचा सेट मजुरीसह ६,५००, लोअर आर्म आणि लिंक रॉड ४,२००, पुढचे दोन टायर ६,६००, दोन पॅनलचा रंग ६,०००, आतली धुलाई आणि रबिंग ३,०००, कागदपत्रं ५,०००. विकली २,०५,००० ला. सहा आठवड्यांत सुटले २१,७००. माझी मजुरी यात धरलेली नाही, धरली तर बायको हसेल.

पूर्ण गाडी रंगवू नका. बारा वर्षांची गाडी नवरीसारखी चमकली की गिऱ्हाईक ठोकलेली समजतं. बंपरचे ओरखडे राहू द्या. आरसा, दरवाज्याचं हँडल, काच कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आणा, बिनधास्त. ब्रेक आणि स्टिअरिंगचं मात्र काहीही जुनं बसवायचं नाही. काढलेली क्लचप्लेट मी बिलासकट डिकीत ठेवतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात देतो. झिजलेली प्लेट हातात आली की घासाघीस कमी होते.

विमा त्याच्या नावावर करायला सांगा. नो-क्लेम बोनस मात्र आपलाच, तो गाडीबरोबर जात नाही. आणि डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहून दोघांनी सह्या करा. वॅगनआर संध्याकाळी पावणेसातला दिली, साडेसातला सिग्नल तोडल्याचं चलान माझ्या मोबाइलवर आलं. नोटेचा फोटो पाठवला, त्याने निमूट भरलं.