गरोदरपणातील पिलाटेस : सुरुवात कशी करावी, काय टाळावे

बडोद्याच्या मराठी घरांना व्यायामाचे वावडे कधीच नव्हते. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे आणि प्रोफेसर माणिकरावांचे नाव आदराने घेणारी मंडळी आजही भेटतात. मात्र घरातील सून गरोदर राहिली की दोनच सल्ले कानी पडतात : एक तर पलंगावरून उतरू नकोस, नाही तर उकिडवे बसून फरशी पूस म्हणजे बाळंतपण सोपे जाईल. फरशी पुसण्यात तथ्य नाही असे नाही, परंतु त्यात श्वासाकडे लक्ष नसते आणि कमरेवर किती ताण येतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पिलाटेस या श्वासाच्या लयीत सावकाश करायच्या व्यायामपद्धतीत नेमका तोच हिशेब ठेवायचा असतो.

ही पद्धत १८८३ साली जर्मनीत जन्मलेल्या जोसेफ पिलाटेस यांची. त्यांनी तिला ‘कंट्रोलॉजी’ म्हटले होते आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये ती शिकवली. मूळ क्रमातील पुष्कळ व्यायाम उताणे किंवा पोटावर झोपून करायचे असल्यामुळे गरोदरपणात तो क्रम जसाच्या तसा चालत नाही, आणि मोबाइलवरचा कोणताही व्हिडिओ पाहून सुरुवात करू नये, ती याचसाठी.

गर्भ वाढतो तसा शरीराचा तोल पुढे सरकतो, कमरेचा बाक वाढतो, संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात आणि ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू दिवसेंदिवस अधिक भार पेलतात. या स्नायूंना आणि पाठीला बळ दिल्यास कंबरदुखी कमी होण्यास मदत होते. शिवाय खोकताना किंवा शिंकताना लघवीचे थेंब जाण्याचा त्रास, ज्याविषयी बायका आईपाशीही बोलत नाहीत, तोही आटोक्यात राहू शकतो. हा व्यायाम केल्याने प्रसूती हमखास नैसर्गिक होईल, असे सांगणाऱ्या शिक्षिकेवर मात्र विश्वास ठेवू नये.

प्रथम आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असणे, रक्तस्राव, गर्भाशयमुखाला टाका घातलेला असणे, गरोदरपणामुळे वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय किंवा मुदतीपूर्वी कळा येण्याची शक्यता, यांपैकी काहीही असल्यास त्यांनी स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज मॅट अंथरू नये.

सुरुवात श्वासापासून करावी, आणि पहिला आठवडा केवळ त्यालाच दिला तरी चालेल. खुर्चीवर किंवा पाटावर ताठ बसून दोन्ही तळहात बरगड्यांच्या बाजूंना ठेवावेत. नाकाने श्वास घेताना बरगड्या हाताखाली रुंदावल्या पाहिजेत. तोंडाने सावकाश श्वास सोडताना, लघवी रोखून धरावी तसे खालचे स्नायू वर ओढून घ्यावेत, तीन-चार सेकंद धरावेत आणि मग पूर्णपणे सैल सोडावेत. सैल सोडण्याकडे बहुतेकींचे दुर्लक्ष होते; प्रसूतीच्या वेळी उपयोगी पडते ते हेच. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा सराव करू नये.

श्वास जमला की हात-गुडघ्यांवर येऊन पाठ मांजरीसारखी हळूहळू वर गोल करावी आणि पुन्हा सपाट आणावी. खाली झोळ पडू देऊ नये. नंतर कुशीवर निजून, डोक्याखाली उशी घेऊन व गुडघे दुमडून, टाचा जुळवलेल्या ठेवत वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडावा. प्रत्येक बाजूस आठ-दहा वेळा पुरे. शेवटी भिंतीला पाठ टेकवून थोडेसे खाली घसरावे आणि श्वास सोडत वर यावे. जोर नेहमी श्वास सोडताना लावायचा. श्वास कोंडायचा नाही.

साधारण सोळाव्या आठवड्यानंतर फार वेळ उताणे झोपून व्यायाम करू नये, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन घेरी येऊ शकते. डोके-खांदे उचलून पोट आवळण्याचे प्रकारही टाळावेत. उठताना पोटाच्या मध्यरेषेवर उंचवटा दिसला तर तो व्यायाम तिथेच सोडावा.

जागतिक आरोग्य संघटना गर्भवतींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सुचवते. त्यात वीस-पंचवीस मिनिटांचे पिलाटेस आणि उरलेल्या दिवशी कमाटीबागेत चालणे सहज बसते. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी लवकर, पंख्याखाली आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवूनच व्यायाम करावा. व्यायाम करताना बोलता आले पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग कमी करावा. रक्त किंवा पाणी जाणे, ठरावीक अंतराने कळा, छातीत दुखणे, चक्कर, तीव्र डोकेदुखी, एका पोटरीला सूज व वेदना, यांपैकी काही जाणवल्यास लगेच थांबून डॉक्टरांना कळवावे; ओटीभरणाची गडबड असली तरी उद्यावर ढकलू नये.