ज्येष्ठांना फोन शिकवण्याआधी फोन त्यांच्याजोगा करून घ्या

वयस्कर माणसाला स्मार्टफोन जमत नाही, तेव्हा अडचण बऱ्याचदा समजुतीची नसते. डोळे, बोटं आणि कान यांची असते. म्हणून पहिली बैठक सेटिंग्जसाठी ठेवा.

अक्षर मोठं आणि ठळक करा, पण एकदम शेवटच्या टोकाला नेऊ नका. काही ॲपमधली बटणं त्यामुळे पडद्याबाहेर जातात. एक-दोन पायऱ्या वाढवा आणि रोजची ॲप उघडून बघा. पडदा ३० सेकंदांत मिटत असेल तर २ मिनिटांवर न्या. वाचताना मध्येच काळोख झाला, की आपलंच काही बिघडलं असं वाटतं.

खरा त्रास बोटांचा. बोट टेकून उचलायला जरा वेळ लागतो आणि फोनला वाटतं, दाबूनच धरलंय. मग आयकॉन जागचे हलतात, नको ते मेनू उघडतात. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये दाबून धरण्याचा अवधी वाढवता येतो. आयफोनवर त्यासाठी ॲक्सेसिबिलिटीमधलं 'टच अकोमोडेशन्स' बघा. कोरड्या त्वचेचा स्पर्शही पडद्याला नीट कळत नाही. माणूस मग जोर लावतो आणि तरी काही होत नाही, कारण पडदा दाब मोजत नाही, बोटामुळे विद्युतक्षेत्रात झालेला बदल ओळखतो. नखाजवळचं टोक नको, पेराचा मांसल भाग हलकेच टेकवायला सांगा. अँड्रॉइडवर मागे किंवा बाहेर येण्यासाठी बोट सरकवण्याऐवजी पडद्याच्या तळाची तीन बटणं (मागे, होम आणि उघडी ॲप) चालू करा.

वयानुसार आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. रिंगटोन खर्जातली निवडा, सोबत कंपन ठेवा.

आता शिकवणं. तरुण माणूस बिनधास्त चाचपडतो, कारण परत कसं यायचं हे त्याला ठाऊक असतं. तेव्हा सर्वांत आधी परतीची वाट शिकवा: कुठलंही ॲप उघडा, आत दोन-तीन पडदे जा, होम बटण दाबून बाहेर या. हे न विचारता जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

त्यानंतर एका वेळी एकच काम. फोन त्यांच्याच हातात राहू द्या; तुम्ही तो घेऊन झटपट करून दाखवलंत, तर त्यांच्या लक्षात काहीच राहत नाही. पायऱ्या त्यांनी स्वतःच्या शब्दांत वहीत लिहाव्यात आणि दुसऱ्या दिवशी आधी वही न बघता करून पाहाव्यात. 'वर उजवीकडे' एवढंच लिहून भागत नाही. अपडेटनंतर जागा बदलते, म्हणून बटणावरचं नाव किंवा चिन्हही काढून ठेवायला सांगा.