साहित्याच्या अभ्यासक्रमाअखेरचा चिंतनलेख कसा लिहावा

अभ्यासक्रम संपत आला की ‘या वाचनाने तुमच्यात काय बदललं’ यावर एक लेख मागतात. दर एप्रिलमध्ये नौपाड्यात माझ्याकडे दोन-चार मुलं आपला कच्चा खर्डा घेऊन येतात. पहिली ओळ बहुतेक ठरलेली: ‘माझ्या जाणिवा समृद्ध झाल्या.’ असं लिहावं हे त्यांना कुणीतरी मोठ्या विश्वासाने सांगितलेलं असतं. कृपा करून ते ऐकू नका. तपासणाऱ्याला त्या ओळीतून तुमच्याविषयी काहीच कळत नाही.

वर्षभराच्या वह्या आणि तपासून आलेले निबंध समोर घ्या. पुस्तक एकच निवडा, आवडलेलंच हवं असं नाही.

आता अवघड भाग. वर्षाच्या सुरुवातीला आपण कसे वाचत होतो, ते शोधायचं. मी चाळिशीत एम.ए.ला बसले तेव्हा इथेच अडकले होते. माझा पहिला लेख परत आला, तेव्हा तीन वाक्यांपुढे पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता, ‘कुठे?’ दोन दिवस राग गेला नाही. मग ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसले. ही संस्था १८९३ची, आणि तिथे शांतपणे बसता येतं. धनगरांच्या वाडीवर आलेल्या एका मास्तराची गोष्ट सांगणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीची माझी प्रत सोबत होती. समासात जूनमधलं माझंच अक्षर होतं: ‘साधीभोळी माणसं. छान.’ तीच पानं पुन्हा वाचली आणि त्या शेऱ्याची लाज वाटली. ती धनगर माणसं मेंढरं, पाऊस, भांडणं, आलेला नवखा मास्तर, सगळं बारकाईने जोखत असतात. मास्तरच त्यांच्याकडून शिकत असतो. मी त्यांचं बोलणं नीट ऐकलंच नव्हतं, म्हणून ती मला साधीभोळी वाटली. लेखात लिहिण्यासारखं मला जे सापडलं, ते एवढंच.

तुम्हीही असंच करा, पण क्रम चुकवू नका. आधी निवडलेल्या पुस्तकातली दहा पानं नव्याने वाचा आणि कोऱ्या कागदावर टिपणं काढा. जुनी वही त्यानंतर उघडा. आधी उघडलीत तर ‘हे मला तेव्हाही कळलं होतं’ असं मन लगेच सांगू लागतं, आणि ते खोटं असतं. जुनं वाक्य सापडलं की जसंच्या तसं उतरवा, शुद्धलेखनाच्या चुकीसकट. सुधारून लिहिलंत तर पुरावाच गेला.

आणखी एक चूक मी फार पाहते. जूनमधल्या स्वतःला मुलं मूर्ख ठरवून टाकतात, म्हणजे एप्रिलमधला ‘मी’ आपोआप उंच दिसतो. दया पवारांच्या १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’ या आत्मकथनात शिकलासवरलेला दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. माणूस एकच आहे. पण तिथे बोलतो दगडू, आणि दुसरा ऐकतो. जुन्या स्वतःला बोलू देणं म्हणजे काय, हे मी तिथे शिकले. तुमचा जूनमधला शेरा चुकीचा असेल, पण तो तसा का लिहिला गेला याला कारण होतं. ते कारण लिहा.

यानंतर पुस्तकाबाहेरचा एक प्रसंग हवा. एकच, आणि खरा. नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याच्या लेखात ‘दृष्टिकोन व्यापक झाला’ तीनदा होतं. मी विचारलं, बाबा, घरी काही बदललं का? बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, दुष्काळात बनगरवाडी ओस पडते ते वाचल्यावर त्याने आजोबांना पहिल्यांदा विचारलं होतं, आपलं शेत नेमकं कुठे होतं? १९७०मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, हे त्याला पाठ होतं. आजोबांनी त्याला चालत नेऊन एका सोसायटीचं गेट दाखवलं. म्हणाले, खाचर इथून सुरू व्हायचं. रोज कॉलेजला जाताना तो त्याच गेटवरून जायचा. हे त्याने लेखात लिहिलंच नव्हतं, कारण ‘त्यात साहित्य कुठंय, मॅडम?’ मी त्याला बाकी सगळं खोडायला लावलं आणि लेख त्या गेटपासून सुरू करायला सांगितला.

आता जुळवणी: जुनं वाक्य, नवं वाचन, प्रसंग. दोन पानं पुरतात. मोठ्याने वाचा, जिथे स्वतःचाच आवाज भाषणासारखा वाटेल ते वाक्य काढा. शिक्षकांचे आभार या लेखात नकोत, ते प्रत्यक्ष भेटून माना.

जे बदललं नाही तेही दोन ओळींत लिहा. मोरोपंतांच्या आर्या मला आजही अर्थाची वही शेजारी ठेवल्याशिवाय वाचता येत नाहीत. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात मी ते लिहिलं, आणि त्या ओळीपुढे पेन्सिलीची खूण नव्हती.