शेतात तोललेला कांदा, चाळीत उरलेला कांदा

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. निफाड तालुक्यातल्या एका शेतावर आम्ही उन्हाळ कांद्याचा शेतदिन घेतला होता. मला नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती आणि मी ज्या वाणावर राबत होते त्याचाच प्लॉट समोर होता. कांदे एकसारखे, रंग चांगला, जोडकांदे अगदी थोडे, डेंगळे म्हणजे फुलाचा दांडा आलेले कांदे नाहीतच. सगळ्यांसमोर वजन केलं, तर तुलनेच्या वाणापेक्षा उत्पादन उघड जास्त भरलं. मी माइकवरून आकडे सांगत होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका वयस्क बाबांनी ढिगातला कांदा उचलला, अंगठ्याने त्याची मान दाबली आणि विचारलं, "मॅडम, मान जाड आहे याची. गणपतीपर्यंत चाळीत राहील का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या नोंदवहीत काढणीच्या दिवसाचं वजन होतं आणि नोंद तिथेच संपत होती. नाशिकचा शेतकरी मात्र एप्रिल-मे मध्ये काढलेला उन्हाळ कांदा लगेच सगळा विकत नाही. चाळीत, म्हणजे हवा खेळती राहील अशा साठवणुकीच्या शेडमध्ये भरतो आणि भाव बघत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थोडा थोडा काढतो. जाड मानेचा कांदा नीट सुकत नाही, मानेतून सड आत शिरते. म्हणजे त्याचं खरं उत्पादन चाळ उघडल्यावर हाताशी येतं ते, आणि तेच आम्ही मोजत नव्हतो.

त्या वर्षी सगळ्या वाणांचे कांदे जाळीच्या पिशव्यांत भरून एकाच चाळीत ठेवले. दर महिन्याला पिशव्या बाहेर काढायच्या, सडलेले, कोंब आलेले वेगळे करायचे, उरलेले तोलायचे. गणपती येईपर्यंत आमचा पहिल्या क्रमांकाचा वाण मागे पडला आणि शेतात मध्यम ठरलेला, बारीक मानेचा एक वाण वर आला. मी शास्त्रज्ञ झाले ते पदवीमुळे नाही, त्या पावसाळ्यात चाळीच्या वासात बसून केलेल्या नोंदींमुळे, असं मला मनापासून वाटतं.

माझी सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यात संशोधन आणि विस्तार (म्हणजे नवं तंत्र शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणं) या दोन खात्यांत गेली, शेवटची काही वर्षं प्रमुख म्हणून. कृषी महाविद्यालयातली मुलंमुली भेटली की विचारतात, मॅडम, या वाटेला कसं यायचं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

वाटेचा कागदी भाग लवकर सांगून टाकते. बी.एस्सी. कृषी चार वर्षं, एम.एस्सी. दोन, पीएच.डी. किमान तीन. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. नाशिक राहुरीच्या कार्यक्षेत्रात येतं. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांत शास्त्रज्ञ व्हायचं तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची परीक्षा द्यावी लागते, आणि सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर सहसा त्याच मंडळाची नेट ही पात्रता परीक्षा लागते. विद्यापीठात कनिष्ठ संशोधन सहायकापासूनही सुरुवात होते, माझी तशीच झाली. कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ म्हणून जायचं असेल तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी हवी. लोकसेवा आयोगामार्फत कृषी सेवेत जाणं ही आणखी वेगळी वाट. जाहिराती वेळेवर निघत नाहीत, भरती वर्षानुवर्षं रखडते, हे आधीच धरून चाला. त्या काळात बियाणे कंपनीत किंवा एखाद्या प्रकल्पावर काम केलंत तर ते वाया जात नाही. मी दोन वर्षं प्रकल्पावर होते. शेतकऱ्याशी न घाबरता बोलायला तिथेच शिकले.

चौथ्या वर्षीचं रावे, म्हणजे गावात राहून घ्यायचा शेतीचा कार्यानुभव, मात्र गांभीर्याने घ्या. बरीच मुलं गावात जाऊन फोटो काढतात, फाइल भरतात आणि परततात. तेच सहा महिने तुम्हाला पुन्हा कधी मिळत नाहीत, कारण नंतर तुम्ही गावात जाल ते साहेब किंवा मॅडम म्हणून, आणि साहेबांपुढे माणसं वेगळं बोलतात.

विषय निवडताना पिकाचा स्वभाव विचारात घ्या. कांद्यात वनस्पती पैदास करणाऱ्याला धीर लागतो. एका हंगामात बियापासून कांदा मिळतो, आणि तोच कांदा पुढच्या हंगामात लावला की दांडा येऊन बी धरतं. निवडीचा एक फेरा पुरा व्हायला दोन वर्षं जातात. वर हे परपरागीभवनाचं पीक, मधमाशी शेजारच्या वाणाचे पराग घेऊन येते. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी 500 मीटर आणि ज्यापासून ते तयार होतं त्या पायाभूत बियाण्यासाठी 1000 मीटर विलगीकरण, म्हणजे दुसऱ्या वाणापासून अंतर, ठेवावं लागतं. नाशिकसारख्या कांद्याने भरलेल्या जिल्ह्यात एवढं मोकळं रान शोधणं हेच एक काम होऊन बसतं.

गव्हाचं उलटं आहे. तो स्वपरागी, पण संकर हाताने करावा लागतो. फुलोऱ्याआधी ओंबी निवडायची, प्रत्येक फुलातले तीन परागकोश चिमट्याने काढायचे, बटर पेपरची पिशवी घालायची, दोन-तीन दिवसांनी पराग टाकायचे, लेबल बांधायचं. मला हे पुस्तकाने शिकवलं नाही. केंद्रावर रोजंदारीवर येणाऱ्या एका मावशींनी शिकवलं. त्यांचा हात इतका हलका होता की त्यांच्या ओंब्यांत दाणे धरायचे आणि माझ्या सुकून जायच्या. पुढे प्रमुख झाल्यावर मी पहिला आग्रह धरला तो हाच, की संकर करणाऱ्या मजुरांची नावं नोंदवहीत यायला हवीत. कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र बाहेरच्यांना थंडीच्या बातम्यांतून माहीत असतं, 'निफाडचा पारा घसरला' अशी ओळ दर हिवाळ्यात येते. पण त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी, नेत्रावती ही गव्हाच्या वाणांची नावं आहेत आणि ती त्याच मातीतून गेली आहेत. कांद्यातले एन-53, एन-2-4-1 आणि बसवंत 780 हेही निफाड आणि पिंपळगाव बसवंतचेच. कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रसुद्धा 1994 मध्ये नाशिकलाच सुरू झालं आणि 1998 मध्ये राजगुरुनगरला गेलं. नवीन माणसाने हे माहीत करून घ्यावं, म्हणजे आपण कुठल्या परंपरेत हात घालतो आहोत ते कळतं.

एक वाण बाहेर पडायला साधारण दहा-बारा वर्षं लागतात. आधी केंद्रावरच्या चाचण्या, मग राज्यातल्या अनेक ठिकाणी, मग अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात, मग शेतकऱ्यांच्या रानात. तिथून संयुक्त ॲग्रेस्को, म्हणजे चारही विद्यापीठांची वार्षिक बैठक. तिथे तुमच्या प्रत्येक आकड्याला लोक हात घालतात. माझी पहिली शिफारस तिथून परत आली, कारण एका हंगामात प्लॉटच्या किनारी ओळी मी सोडल्या नव्हत्या आणि कडेच्या रोपांना जास्त जागा मिळून उत्पादन फुगलं होतं. चूक माझी होती. परत येऊन पूर्ण हंगाम पुन्हा केला. किनार ओळी, पुनरावृत्त्या, तुलनेचा वाण यांत जराही सवलत घेऊ नका. पुढे कुणाचं तरी वर्षाचं पीक त्या आकड्यावर उभं राहणार असतं.

आता विस्तार. संशोधनातली मुलं याला दुय्यम समजतात, त्याचा मला अजूनही राग येतो. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र 1974 मध्ये पुदुच्चेरीत सुरू झालं, आज अशी सातशेहून अधिक केंद्रं आहेत. तिथल्या कामाचा कणा दोन गोष्टींचा: शेतावरची चाचणी आणि आद्यरेषीय प्रात्यक्षिक. चाचणीत आपण विचारतो की हे तंत्र इथे चालतं का, प्रात्यक्षिकात चालणारं तंत्र दाखवतो. दोन्हींत शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीचा प्लॉट शेजारी हवाच. सुरुवातीला माझ्या प्रात्यक्षिकांत शेतकरी आपलं सगळ्यात भारी रान द्यायचे, खत-पाणी चोख करायचे, आणि तुलनेचा प्लॉट बांधाकडच्या मुरमाड तुकड्यावर जायचा. आकडे सुंदर यायचे. गावात मात्र पुढच्या वर्षी कुणी ते तंत्र उचलायचं नाही, कारण रान कुठलं होतं ते गावाला दिसत होतं.

बैठकीची वेळही तपासा. सकाळी अकराला चर्चासत्र ठेवलं की समोर फक्त पुरुष येतात, कारण बाया त्या वेळी लागवडीला किंवा खुरपणीला गेलेल्या असतात. आणि बियाण्यासाठी कांदे निवडणारा हात बहुतेक घरात बाईचाच असतो. आम्ही बैठका संध्याकाळी, मंदिराच्या ओट्यावर घ्यायला लागलो, तेव्हा साठवणुकीबद्दलचे खरे प्रश्न आले.

कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला शत्रू मानू नका. मी बरीच वर्षं मानत होते. कीड दिसली की शेतकरी पहिल्यांदा त्याच्याकडे जातो, माझ्याकडे नाही. त्यांच्यासाठी वर्षभराचा देसी हा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यात शिकवायला मिळालं तर नक्की जा. एका दुकानदाराला फुलकिडे ही कीड आणि करपा हा रोग यांतला फरक समजला, तर शंभर घरांची चुकीची फवारणी वाचते.

द्राक्षाबद्दल एक ताकीद. अवकाळी पावसानंतर रात्री फोन येतात, "मॅडम, डाऊनी येईल का, काय मारू?" डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. आवाजात भीती असते, कर्ज असतं. तरीही बाग न बघता औषधाचं नाव सांगू नका. लेबल क्लेम (औषधाला त्या पिकासाठी मान्यता आहे का) आणि काढणीपूर्व अंतर (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही. 2010 मध्ये वेलीची वाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाटचे अंश युरोपात सापडले आणि निर्यातीची द्राक्षं अडकली. आमच्या भागातली हसती घरं त्या हंगामात गप्प झालेली मी पाहिली आहेत. "सकाळी सातला येते, तोवर काही मारू नका" हे उत्तर पुरेसं असतं, मात्र सातला पोहोचायचं.

प्रमुख झाल्यावर शेतातला वेळ कमी होतो, हे खरं दुःख. मार्च महिन्यात निधीचा हिशोब आणि रब्बीची काढणी एकाच वेळी अंगावर येतात. मी आठवड्यातले दोन दिवस सकाळचे तीन तास शेतासाठी राखून ठेवले आणि त्या वेळात फाइलवर सही केली नाही. काहीजण नाराज झाले. पण तरुण सहकाऱ्यांच्या नोंदी मी प्लॉटवर उभं राहून वाचत होते, त्यामुळे चूक हंगाम संपायच्या आत सापडायची.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात एक सकाळ लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत काढा. लिलाव सुरू असताना एका ट्रॉलीजवळ नुसते उभे राहा. व्यापारी वरचा कांदा बघत नाही, हात खोल घालून तळातला काढतो, पत्ती म्हणजे वरची साल चोळून बघतो, मान दाबतो, दोन कांदे एकमेकांवर वाजवतो. मग बोली लागते. त्याचा हात काय शोधतो ते लिहून घ्या. ते बाबाही शेतदिनाला माझ्या ढिगात तेच शोधत होते.