नट निघाले, पण चाक हबवरून सुटेना

लक्षण: पंक्चर झालेल्या चाकाचे सगळे नट काढले, गाडी जॅकवर, तरी चाक जागचं हलत नाही. अलॉय रिम आणि लोखंडी हब (गाडीचा जो मधला भाग चाकाला धरतो तो) यांच्यामध्ये गंज धरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात.

हाताने ओढलं, टायरला बाजूने लाथा मारल्या, गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबलो. काहीच नाही. वैताग आला होता. जॅकवरच्या गाडीला याहून जोरात हिसके देऊ नका, जॅक सटकतो.

शेवटी उपयोगी पडलं ते असं. सगळे नट परत हाताने बसवले आणि प्रत्येक साधारण अर्धा फेरा सैल ठेवला. जॅक पूर्ण उतरवून बाजूला काढला. सपाट, मोकळ्या जागी गाडी अगदी हळू दोन-तीन फूट पुढे घेऊन ब्रेक दाबला, मग तसंच मागे. ‘टक्’ असा आवाज आला की लगेच थांबायचं. हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या समोरच्या चाकाला अडण. मग पुन्हा जॅक. चाक हातात आलं.

स्टेपनी लावण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने खरवडला, मधल्या गोल कडेला ग्रीसचा पुसट हात दिला. बोल्टच्या आट्यांना आणि ब्रेक डिस्कला ग्रीस अजिबात नको. नट समोरासमोर आवळायचे, शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत तपासायचे.

डिकीत आता जॅक-पान्यासोबत तारेचा ब्रश, लाकडी अडण, जॅकखाली ठेवायला जाड फळी आणि डोक्याला लावायची बॅटरी असते.