जुने रुपये घेताना आधी साल बघा

गणपतीत मुंबईकर गावी आले की माळ्यावरचे डबे खाली येतात आणि इंग्रजांच्या काळातल्या राणीछाप-राजाछाप रुपयांची पुरचुंडी दुकानात येते. सरसकट भाव लावलात तर नुकसान ठरलेलं.

आधी तीन ढीग करा: 1939 पर्यंतचे, 1940 ते 1945 चे आणि 1947 चे. वजन तिन्हींचं साधारण 11.66 ग्रॅमच, म्हणून नुसता काटा फसवतो. पहिल्यांत चांदी सुमारे 10.7 ग्रॅम, दुसऱ्यांत निम्मीच, 5.83. तिसरा निकेलचा, चुंबकाला चिकटतो. गिऱ्हाईकालाही हे समोरच दाखवा, विश्वास बसतो.

फक्त आमसुलाने घासून आणू नका म्हणून आधीच सांगा. लखलखीत नाण्याला संग्राहक हात लावत नाही, मग उरतो चांदीचाच भाव.